वाऱ्याने पाडलेले झाड जंगलातच राहू द्या

प्रति,
इंदूरच्या आसपासच्या टेकड्यांवर आणि वनक्षेत्रांत झाडे लावणारे, राखणारे व पडलेली झाडे उचलणारे सर्व अधिकारी, कर्मचारी आणि स्वयंसेवक मंडळी

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला आहे. खड्डे खणून तयार आहेत, नर्सरीतून रोपांच्या गाड्या निघू लागल्या आहेत. आणि दरवर्षीप्रमाणे त्याआधी मे-जूनच्या आंध्या येऊन गेल्या. (आमच्या इंदुरी मराठीत 'वादळ' हा शब्द वर्तमानपत्रापुरता. घरात आम्ही आंधीच म्हणतो, इथेही तसेच लिहितो.) या आंध्यांत टेकड्यांवर जी झाडे पडली ती उचलायचे काम आता सुरू होईल. त्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावे म्हणून घाईने लिहितो आहे.

मागणी एकच आहे. रस्ता, पायवाट, विजेच्या तारा आणि घरे यांच्यावर पडलेले झाड जरूर हलवा. पण जंगलात पडलेले झाड जिथे पडले तिथेच राहू द्या.

हे मी सांगावे याचे ओळखीच्यांना नवल वाटेल, कारण आमची तीन पिढ्यांची लाकडाची वखार होती. आंधी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळीच बाबांकडे निरोप येत: अमक्या बंगल्यात कडुनिंब पडलाय, तमक्या मळ्यात आंबा आडवा झालाय, या आणि घेऊन जा. बाबा सायकलवर टेप आणि खडू घेऊन निघत आणि सुट्टी असली की मी मागे कॅरिअरवर. बुंध्याचा घेर मोजायचा, लांबी मोजायची, घनफूट काढायचे, सौदा करायचा. पडलेल्या झाडांवर आमचे घर चालले, माझे शिक्षण झाले. त्यामुळे लाकूड उचलणाऱ्याला मी नावे ठेवू शकत नाही. पण बाबांनीच मला एक गोष्ट दाखवली होती, आणि ती मला पुरती कळायला पन्नाशी उलटावी लागली.

हरदा, खंडवा, बैतूलच्या सरकारी डेपोतून लिलावात घेतलेला साग आमच्याकडे येई. सागाची वर्तुळे कापावर स्पष्ट दिसतात; ज्याला सवय आहे तो झाडाचे वय बोटाने मोजतो. मी आठवीत असेन. बाबांनी एका ओंडक्याच्या कापावर ओला फडका फिरवला आणि म्हणाले, "मोज." मधली वीस-बावीस वर्तुळे इतकी दाट होती की नखाने वेगळी करता येईनात. मग एकदम अर्ध्या बोटाएवढी रुंद वर्तुळे लागली, एकापाठोपाठ एक. "इथे काय झालं असेल?" मी म्हटले, पाऊस चांगला झाला असेल. बाबा हसले. "चांगला पाऊस एक वर्ष होतो, दोन वर्षं होतो. दहा वर्षं सलग? शेजारचा पडला असणार रे. याला ऊन मिळालं."

वनशास्त्रातले लोक झाडांची वर्तुळे वाचतात ती अशीच, हे मला फार उशिरा समजले. शेजारचे मोठे झाड वाऱ्याने पडले की सावलीत अडकून पडलेले बारके झाड अचानक वाढीला लागते, आणि त्या वर्षाची खूण त्याच्या खोडात कायमची राहते. शेकडो झाडांची वर्तुळे एकत्र मांडली की त्या जंगलात कोणकोणत्या वर्षी मोठी वादळे होऊन गेली हे सांगता येते. आपण जंगल पाहतो तेव्हा आपल्याला उभी झाडे दिसतात. त्यातले कोण किती उंच, कोण किती जाड, कुठे दाटी आणि कुठे मोकळीक, हे पुष्कळसे आधी पडून गेलेल्यांनी ठरवलेले असते.

आता मी जे डोळ्यांनी पाहिले ते सांगतो. घरापासून वीस मिनिटांवर एक टेकडी आहे. नाव लिहीत नाही, कारण कुणाकडे बोट दाखवायचे नाही. तिथे जे झाले ते चांगल्या हेतूनेच झाले. टेकडीच्या एका उतारावर पंधरा-सोळा वर्षांपूर्वी लावलेली झाडे होती, एकाच वयाची, ओळीत. दुसऱ्या अंगाला नाल्याच्या कडेने जुने जंगल: साग, पळस, धावडा, तेंदू, मधूनच एखादा बेहडा. तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास आंधी आली. जेमतेम अर्धा तास टिकली. दुसऱ्या दिवशी पहाटे मी फिरायला गेलो तर लावलेल्या उतारावर झाडे एकाच दिशेला झोपलेली होती, शेतात गहू लोळतो तशी.

एका झाडाजवळ जाऊन मी उकिडवा बसलो. मुळांचा गोळा वर आला होता. वीतभर रुंद, बुडाशी चपटा, आणि त्यात मुळे एकावर एक गोल फिरलेली, सोऱ्यातून चकली पडावी तशी. हा नर्सरीच्या पॉलिथिन पिशवीचा आकार होता. पंधरा वर्षे जमिनीत राहूनही त्या मुळांनी पिशवी सोडली नव्हती. एका बाजूला तर काळ्या प्लॅस्टिकची चिंधी अजून अडकलेली होती. रोप पिशवीत फार दिवस राहिले की मूळ कडेला आपटून वळते आणि वळतच राहते. वरून झाड डेरेदार दिसते, खाली त्याचा पाय रोवलेलाच नसतो.

नाल्याकडचे चित्र वेगळे होते. तिथे चार-पाच मोठी झाडेच पडली होती. एक साग कमरेएवढ्या उंचीवर मोडला होता. एक जुना बेहडा मुळासकट उपटला होता, आणि त्याच्याबरोबर उभी राहिलेली मुळांची व मुरमाची भिंत माझ्या डोक्यावरून हातभर उंच होती. भोवतीची लहानमोठी झाडे मात्र बहुतेक जागच्या जागी होती.

चार दिवसांत लावलेला उतार साफ झाला. जेसीबी आला, ट्रॅक्टर आले, लाकूड गेले, फांद्या पेटवल्या गेल्या. नाल्याकडे यंत्र उतरू शकत नव्हते, म्हणून तिकडचे तसेच राहिले. ठरवून केलेला प्रयोगही इतका नेटका झाला नसता. एकच आंधी, एकच टेकडी, एक बाजू झाडून-पुसून घेतलेली आणि दुसरी जशीच्या तशी.

तीन पावसाळ्यांनंतर साफ केलेल्या उतारावर आज गाजरगवत, टाकळा आणि घाणेरी आहे. जेसीबीच्या साखळ्यांखाली माती दबली ती दबलीच. पाऊस पडला की पाणी मुरत नाही, वाहून जाते. तिथे दोनदा पुन्हा रोपे लावून झाली. नाल्याकडे जा. बेहडा उपटला तिथे कंबरभर खड्डा झाला होता. त्यात पाचोळा साचला, पावसाचे पाणी साचले, गेल्या वर्षी कार्तिकापर्यंत तिथे ओल होती आणि बेडूक होते. मुळांबरोबर वर आलेला मुरूम पावसाने ढासळून खड्ड्याशेजारी उंचवटा झाला. त्या उघड्या मातीवर हळदूची रोपे आली आहेत, मी बावीसपर्यंत मोजली. हळदू म्हणजे मराठी पुस्तकांतला हेदू. त्याचे बी धुळीसारखे बारीक असते. गवतात आणि पाचोळ्यात ते पडून वाया जाते, त्याला उघडी माती लागते. आपण खत घालून, कुंपण करून जे करू पाहतो ते त्या बेहड्याने पडता पडता केले. आणि कुंपणही त्यानेच दिले: त्याच्या वाळक्या फांद्यांच्या जाळ्यात शेळ्यांना तोंड घालता येत नाही, म्हणून आतली रोपे वाचली.

बेहडा स्वतः मेलेला नाही. त्याची खालच्या बाजूची मुळे जमिनीत राहिली आणि आडव्या खोडावर ओळीने सरळ उभे धुमारे फुटले आहेत. मोडलेल्या सागाच्या खुंटातून सात धुमारे आले, त्यांतले दोन आता माझ्यापेक्षा उंच आहेत आणि पाने सुपाएवढी. जुन्या मुळांचा साठा आयता मिळाल्यामुळे धुमारा जो वेग घेतो तो नर्सरीतल्या रोपाला दहा जन्मांत जमणार नाही. आपल्याकडच्या पानगळीच्या जंगलातली बरीच झाडे या विद्येत तयार आहेत. साग आणि धावडा खुंटातून फुटतात, पळस आणि तेंदू जमिनीखालच्या मुळातून दूरवर कोंब काढतात. कोलकात्याजवळच्या शिबपूरच्या बागेतला प्रचंड वड तुम्हाला माहीत असेल. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांत तो जखमी झाला, जखमांत बुरशी शिरली, १९२५ मध्ये मूळ खोडच काढून टाकावे लागले. त्याला शंभरएक वर्षे झाली, झाड पारंब्यांवर उभे आहे आणि पसरते आहे.

वाऱ्याचे गणित थोडक्यात सांगतो. मे महिन्यात तापलेल्या मालव्यावर ढग उंच चढतो. त्यातून पाऊस सुटला की थेंबांबरोबर थंड, जड हवा खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून सगळीकडे पसरते. पावसाआधी धूळ घेऊन येणारा तो गार झोत म्हणजे आपली आंधी. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर सुमारे चौपट होतो, म्हणून ताशी चाळीसच्या वाऱ्यात नुसते डुलणारे झाड ऐंशीत मोडते. झाड उंच असेल तर शेंड्यावर बसलेला धक्का बुंध्याशी पहारीसारखा काम करतो. मुळे पक्की असतील तर खोड मोडते, खोड पक्के असेल तर मुळे सुटतात. आपल्या टेकड्यांवर काळ्या पाषाणावर हात-दीड हात मुरूम आहे. मुळांना खाली जायला जागा नाही, ती आडवी पसरतात. त्यात जमीन ओली असेल तर पकड आणखी ढिली. तेलंगणात मुलुगू जिल्ह्याच्या ताडवाई-मेडारमच्या जंगलात ३१ ऑगस्ट २०२४ ला हेच झाले. भर पावसाळ्यात आलेल्या झंझावाताने थोड्या वेळात सुमारे ५० हजार झाडे उन्मळली. ते जंगल आपल्यासारखेच, पानगळीचे. म्हणजे हे समुद्रकाठच्यांचेच दुखणे आहे असे आपल्याला म्हणता येणार नाही.

आता कार्बनकडे येतो, कारण हल्ली प्रत्येक वृक्षारोपणाच्या फलकावर तो शब्द असतो.

वाळलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मा कार्बन असतो. वखारवाल्याच्या अंदाजाने सांगायचे तर त्या बेहड्याचे लाकूड वाळून टनभर तरी भरेल. म्हणजे साधारण पावणेपाचशे किलो कार्बन. जाळला तर त्याचा सुमारे पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइड होतो. टेकडीवरून उचललेले लाकूड कुठे जाते हे मला कुणी शिकवायला नको. त्याचे कपाट होत नाही. वाकडे, बारके, आणि वाऱ्याने मोडलेल्या खोडात आडव्या बारीक चिरा असतात; रंधा मारेपर्यंत त्या दिसत नाहीत आणि मग फळी हातात तुटते. जाणता सुतार ते घेतच नाही. ते जाते भट्टीत नाहीतर चुलीत. साठ वर्षांनी जमवलेले आठवड्यात हवेत. तेच खोड जंगलात पडून राहिले तर वाळवी, भुंगेरे आणि बुरशी त्याला हळूहळू खातात. मालव्याच्या उन्हापावसात ते कायमचे टिकते असे मी म्हणणार नाही. पण ते वर्षानुवर्षे पुरते, त्यातला काही भाग मातीत उतरतो, आणि ते कुजत असतानाच वरच्या मोकळ्या जागेतली तरणी झाडे भराभर कार्बन ओढत असतात. एकाची घट आणि दुसऱ्याची भर शेजारीशेजारी चालते.

तरी ही भर लवकर होत नाही, हेही सांगितले पाहिजे. जगभरच्या जंगलांचे मोजमाप एकत्र केले तेव्हा असे दिसले की सर्वांत मोठी जेमतेम एक टक्का झाडे जमिनीवरच्या एकूण वजनातला सुमारे निम्मा वाटा बाळगून असतात. असे झाड पडले तर शंभर रोपे लावून पुढची कित्येक दशके त्याची जागा भरत नाही. शिवाय मोकळ्या जागेत आधी घुसणारी झाडे घाईने वाढणारी, हलक्या लाकडाची असतात. हात फिरवला तरी वखारवाल्याला कळते. ऑगस्ट २००५ मध्ये अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावर कॅट्रिना वादळ आले, त्यात सुमारे ३२ कोटी मोठी झाडे मेली किंवा जबर जखमी झाली असा अंदाज शास्त्रज्ञांनी मांडला. त्यांच्यातला कार्बन त्या देशाची सगळी जंगले वर्षभरात जेवढा शोषतात त्याच्या तोडीचा होता. त्याच वर्षी जानेवारीत ॲमेझॉनच्या जंगलावरून गडगडाटी वादळांची एक लांबच लांब रांग गेली आणि सुमारे ५० कोटी झाडे गेली. आधी त्या मरणाचा दोष दुष्काळावर टाकला गेला होता. उपग्रहाची चित्रे पाहून, जंगलात उतरून मोजल्यावर वारा सापडला.

म्हणून माझी विनंती पडलेल्या झाडांपुरती नाही, झुकलेल्या आणि अर्धवट मोडलेल्या झाडांसाठीही आहे. मोठे झाड तिरके झाले, त्याचा शेंडा गेला, की आपण त्याला 'गेलेले' समजून करवत लावतो. कार्बनचा सर्वांत मोठा तोटा तिथे होतो. त्याला एक पावसाळा द्या. वठलेले, मोडलेले खोड उभे असेल तर उभे राहू द्या. सुतारपक्षी त्यात ढोली करतो आणि पुढे ती पोपट, साळुंक्या आणि पिंगळ्यांना मिळते. नुसत्या निरोगी, जिवंत झाडांच्या जंगलात ढोलीत राहणाऱ्या पक्ष्यांना घर मिळणे अवघड.

माझे एका टेकडीवरचे पाहणे पुरेसे नाही असे कुणी म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला हार्वर्ड विद्यापीठाचे संशोधन-जंगल आहे. २१ सप्टेंबर १९३८ च्या वादळाने ते आणि भोवतालचा मुलूख आडवा केला होता. तेव्हा तिकडच्यांनीही आपल्यासारखीच कंबर कसून सफाई केली. इतके ओंडके निघाले की ठेवायला जागा नाही म्हणून तळ्यांत बुडवून ठेवले. पुढे १९९० मध्ये तिथल्याच शास्त्रज्ञांनी एक धाडस केले. दोनशेहून अधिक मोठी झाडे दोरखंड बांधून, वादळात पडली असती त्याच दिशेला ओढून पाडली, आणि एकही काडी न हलवता वर्षानुवर्षे पाहत राहिले. पडलेल्या झाडांपैकी बहुतेकांना पुढच्या वसंतात पाने आली. जमिनीची ओल, तिच्यातली अन्नद्रव्ये यांत अपेक्षेपेक्षा फारच कमी फरक पडला. जंगल दिसायला उद्ध्वस्त होते, पण त्याचे काम चालू होते. वादळाने झाले त्याहून जास्त उलथापालथ नंतरच्या लाकूड काढण्याने होते, असे त्या अभ्यासकांनी लिहून ठेवले आहे.

अधिकारी मंडळींना आणखी एक उदाहरण मुद्दाम देतो, कारण ते निर्णयाचे आहे. १९८३ मध्ये जर्मनीतल्या बव्हेरियाच्या राष्ट्रीय उद्यानात वादळाने स्प्रूस या सूचिपर्णी जातीची हजारो झाडे पाडली. मंत्री हान्स आयझनमान यांनी ठरवले की ती उचलायची नाहीत. पुढे खोडकिड्यांची साथ आली, हजारो हेक्टरांवरची उभी झाडे सुकली, गावकरी संतापले, वर्षानुवर्षे वाद झाले. त्या सुकलेल्या खोडांखालून आज माणसाने न लावलेले तरुण, मिश्र वयाचे जंगल उभे आहे. निर्णय टिकवायला लोकांचे बोलणे खावे लागले. तसे बोलणे तुम्हालाही खावे लागेल, म्हणून आम्ही काही जण तुमच्या बाजूने बोलायला तयार आहोत.

तुमच्या हरकती मला माहीत आहेत. पहिली आगीची, आणि ती खरी आहे. आपले जंगल फाल्गुन ते ज्येष्ठ वाळलेले असते. पण पेट घेतात त्या पाने आणि बोटभर काटक्या. घेरदार खोड सहज पेटत नाही. तेव्हा पायवाटेच्या आणि जाळरेषेच्या (आग पुढे जाऊ नये म्हणून मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्याच्या) कडेने बारीक फांद्या दूर करा, जाळरेषा वेळेत साफ ठेवा, खोडाला हात लावू नका. दुसरी हरकत किडीची. साल या झाडाच्या जंगलात ती मान्यच करावी लागते. १९९० च्या दशकाच्या अखेरीला मंडला-दिंडोरीकडे साल-भुंगेऱ्याने काय केले ते वन विभागातले जुने लोक विसरलेले नाहीत, आणि तो भुंगेरा ताज्या पडलेल्या सालवर जमतो. पण इंदूरभोवती साल नाही. साग-पळस-धावड्याच्या जंगलात ती भीती घालून सरसकट सफाई करणे बरोबर नाही. तिसरी गोष्ट सरपणाची. चोरल-पाताळपाणीकडच्या वस्त्यांतल्या बाया डोक्यावरून वाळक्या काटक्यांची मोळी नेतात. त्यांना अडवू नका. त्यांच्या कोयत्याने मोठे खोड जात नाही. ते जाते ट्रॅक्टरने. आणि अभयारण्यात तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लाकूड बाहेर काढायला बंधन आहेच. म्हणजे राळामंडलसारख्या ठिकाणी मी नवे काही मागत नाही.

चौथी हरकत कुणी उघड बोलत नाही, पण मला वाटते तीच सर्वांत मोठी आहे. आपण इंदूरकर आहोत. २०१७ पासून देशात स्वच्छतेत पहिले. ओला कचरा, सुका कचरा आमच्या नातवंडांना पाढ्यांआधी येतो. पहाटे घंटागाडीचे गाणे ऐकून आम्ही डबा घेऊन दाराशी उभे असतो आणि मला त्याचा खराखुरा अभिमान आहे. त्यामुळे टेकडीवर आडवे पडलेले, बुरशी आलेले खोड दिसले की आपल्याला ते केर वाटते. फिरायला आलेले लोक फोन करतात, फोटो पाठवतात, "इथे सफाई झालेली नाही." मीही एकेकाळी असा फोन केलेला आहे. जंगलातला पाचोळा आणि कुजके लाकूड हा त्या जागेचा कोठार आहे हे आपल्याला एकमेकांना सांगावे लागेल. खोडाशेजारी एक छोटी पाटी लावा: हे झाड अमुक महिन्यात आंधीने पडले, ते मुद्दाम ठेवले आहे. लोक समजून घेतील. आपल्या शहराने सहा डबे वेगळे करायला शिकून दाखवले आहे.

शहरातल्या रस्त्यांवरची झाडे हा वेगळा विषय, तिथे माणसाचा जीव आधी. एवढेच म्हणतो की बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवलेला आणि गटारासाठी एका बाजूची मुळे तोडलेला कडुनिंब आंधीत पडला तर आंधीला दोष देऊ नका.

आता नव्या लागवडीबद्दल. १४ जुलै २०२४ ला रेवती रेंजवर एका दिवसात ११ लाखांहून अधिक रोपे लागली आणि गिनीजमध्ये नोंद झाली. त्या दिवशी मीही दोन रोपे लावली, हात मातीने भरले, शेजारी एक आजी आईचे नाव घेत खड्ड्यात पाणी घालत होत्या. एवढे शहर एका कामाला लागलेले मी पूर्वी कधी पाहिले नव्हते. पितृपर्वतावर बाबांच्या नावाने लावलेले झाड आहे, तिथे मी दर पितृपक्षात जातो. म्हणून हे परक्याचे सांगणे समजू नका. एकाच दिवशी लावलेली झाडे एकाच वयाची होतात, एकाच उंचीची होतात, आणि दाट लावली तर उन्हासाठी चढाओढीने बारीक आणि उंच होतात. अशा झाडांना वारा एकत्र पाडतो. त्यांच्यात दर दोन-तीन वर्षांनी थोडी नवी भर घालत राहा. टेकडीच्या वाऱ्याच्या बाजूला खोल मुळांची, चिवट, मंद वाढणारी झाडे असू द्या. रोप लावताना पिशवी पूर्ण फाडून काढा आणि गोल फिरलेली मुळे बोटांनी मोकळी करा, न सुटणारी कापून टाका. बांबूला रोप सुतळीने आवळून बांधू नका. सैल आणि खालच्या बाजूला बांधा, त्याला डुलू द्या. वाऱ्यात डुललेल्या रोपाचा बुंधा जाड होतो आणि मूळ पसरते. वर्षभराने बांबू काढून घ्या. आणि किती लावली याच्या आकड्याशेजारी दरवर्षी दुसरा आकडा लिहा: आंध्यांनंतर किती उभी आहेत आणि पडलेल्यांपैकी किती पुन्हा फुटली.

हा दुसरा आकडा मोजायला माणसे लागतील. वखार आम्ही बंद केली, पण बाबांचा टेप माझ्याकडे आहे आणि झाडाचा घेर मोजायला हात अजून सरावलेला आहे. आमच्या भागातले आठ-दहा निवृत्त लोक, दोन कॉलेजची मुले आणि मी येत्या चार रविवारी सकाळी साडेसहाला तुम्ही सांगाल त्या टेकडीवर येऊ. प्रत्येक पडलेल्या झाडावर पांढऱ्या रंगाने क्रमांक टाकू, जात लिहू, घेर आणि लांबी लिहू, उपटले की मोडले, कोणत्या दिशेला पडले, हिरवे आहे की वाळले, सगळे वहीत उतरवू. पावसाळा संपल्यावर पुन्हा येऊन तीच झाडे पाहू. वहीची एक प्रत तुमच्याकडे, एक आमच्याकडे.

रंग आणि ब्रश आम्ही आणतो. तुमच्याकडून फक्त एवढे हवे, की आम्ही क्रमांक टाकेपर्यंत जेसीबी पाठवू नका.

आपला,
रामबागेतला एक जुना वखारवाला, इंदूर